काचेच्या पोटात रेघ : फेम्टोसेकंद लेसरने पहिला वेव्हगाइड लिहिताना

भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव घालून घेताना आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. मशीनची सुई टरटर करत पत्र्यावर फिरते आणि अक्षरं उमटत जातात. फेम्टोसेकंद लेसर म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्याही दशलक्षांशात मोजायचे प्रकाशाचे झटके, पल्स, सोडणारा लेसर. त्याने काचेवर काम करताना सुई नसते आणि वरचा पृष्ठभाग जसाच्या तसा राहतो. रेघ उमटते काचेच्या आत, पृष्ठभागाखाली शे-दोनशे मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नीट जमली तर त्या रेघेतून प्रकाश वाहतो, जसा ऑप्टिकल फायबरमधून वाहतो. तिलाच वेव्हगाइड म्हणायचं. अशा रेघा वळवून, जवळ आणून, दूर नेऊन काचेच्या छोट्या पट्टीत प्रकाशाची अख्खी यंत्रणा बसवता येते.

कोल्हापूरहून एम.एस्सी. करून मी युरोपातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीला आले, तेव्हा मला हे पंधरा दिवसांचं काम वाटलं होतं. पहिले चार महिने माझ्या एकाही नमुन्यातून प्रकाश धड बाहेर आला नाही. चूक सापडायला इतका वेळ लागला त्याचं कारण एकच. साधी सरळ रेघ जमण्याआधीच मी प्रकाश दोन वाटांत विभागणारा कपलर लिहायला बसले होते. बिघाड वळणात आहे, ऊर्जेत आहे की काच ठेवण्यात आहे, हे मला ओळखताच येत नव्हतं. आता नवीन मुलं येतात आणि त्याच जागी अडकतात, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. लेखातला बहुतेक भाग एका सरळ रेघेबद्दलच आहे, आणि तो तसाच असायला हवा.

हे घडतं कसं

काच १०३० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असते. त्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर फ्यूज्ड सिलिकातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे ९ लागतात. एकटा फोटॉन काहीच करू शकत नाही. सात-आठ फोटॉन एकाच जागी, एकाच क्षणी शोषले गेले तरच काम होतं, आणि एवढी दाटी फक्त नाभीवर, म्हणजे भिंग किरण एकवटतं त्या बिंदूवर, होते. म्हणून बदल नाभीपुरताच होतो, वरची काच शाबूत राहते. एवढे छोटे आणि तीव्र पल्स मिळतात ते डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे. २०१८च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. काचेत वेव्हगाइड लिहून दाखवला तो जपानमध्ये कझुयुकी हिराओ यांच्या गटाने, १९९६ मध्ये.

ऊर्जा बेताची असेल तर काचेचा अपवर्तनांक हजारात एक-दोनने बदलतो. आपल्याला हवा आहे तो हा बदल. ऊर्जा वाढवली की फ्यूज्ड सिलिकात नाभीपाशी अतिसूक्ष्म पापुद्रे तयार होतात. त्यांचा उपयोग वेगळा आहे, शेवटी सांगते. आणखी वाढवली की काचेत पोकळ्या पडतात आणि नमुना वाया जातो.

हाताशी काय हवं

यंत्रं प्रयोगशाळेत असतातच. तुम्ही स्वतः जमवायच्या गोष्टी अशा: लेसर सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (हे नसेल तर खोलीची किल्ली मागूही नका), काचेचं उत्पादकाने दिलेलं माहितीपत्रक, ऑब्जेक्टिव्हचं (किरण काचेत एकवटणाऱ्या भिंगांच्या नळीचं) माहितीपत्रक, प्लॅस्टिकच्या टोकाचा चिमटा, लेन्स पुसायचा कागद, ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, नमुन्यांसाठी झाकणाच्या डब्या, आणि एक जाड वही. संगणकावरची फाइल वहीची जागा घेत नाही. अंधाऱ्या खोलीत, हातमोजे घातलेले असताना, लिहिलं जातं ते वहीतच.

१. डोळे आणि हात

हा लेसर वर्ग ४चा, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गाचा, असतो. १०३० नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग त्याला थेट दृष्टिपटलावर एकवटतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं त्या क्षणी कळेलच असं नाही. सुरक्षा अधिकाऱ्याने ठरवून दिलेला चष्मा त्याच तरंगलांबीचा आहे का, ते त्याच्या काडीवर छापलेलं वाचून घ्या. त्याच लेसरची दुप्पट वारंवारता, म्हणजे ५१५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश वापरत असाल, तर दोन्ही तरंगलांबी अडवणारा चष्मा लागतो.

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. किरणाच्या उंचीवर डोळे आणू नका. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकायचं असेल तर आधी शटर बंद करा. माझ्या हातात आईने दिलेल्या दोन बांगड्या असायच्या. त्या आता टेबलाच्या खणात एका डबीत असतात आणि घरी जाताना मी हातात घालते.

२. काच निवडणं

पहिल्या रेघेसाठी कॉर्निंगची ईगल एक्सजी घ्या. ही बोरोसिलिकेट जातीची काच मुळात एलसीडी पडद्यांसाठी बनते, त्यामुळे तिचे दोन्ही पृष्ठभाग अतिशय सपाट मिळतात आणि ती महागही नाही. ०.७ किंवा १.१ मिलिमीटर जाडीची पट्टी कापून साधारण २५ मिलिमीटर लांबीचे तुकडे करून घ्या.

या काचेची सवय लवकर होते, आणि त्याचं कारण उष्णतेत आहे. नाभीतली उष्णता बाजूला पसरायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो. सेकंदाला दहा लाख पल्स सोडले तर पुढचा पल्स आधीची उष्णता निवायच्या आतच येतो. उष्णता साठत जाते, नाभीभोवतीची काच वितळून पुन्हा गोठते आणि रेघेचा छेद बऱ्यापैकी गोल होतो. फ्यूज्ड सिलिकात हा परिणाम फार कमी मिळतो. तिथं छेद किरणाच्या दिशेने लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा येतो, आणि तो रुंद करायला किरणाच्या वाटेत फट बसवावी लागते किंवा शेजारी शेजारी अर्ध्या-अर्ध्या मायक्रॉनवर अनेक रेघा ओढाव्या लागतात. शिकण्यासारखं आहे, पण नंतर.

सूक्ष्मदर्शकाच्या साध्या स्लाइडवर स्टेज (नमुना सरकवणारं यंत्र) चालवायचा आणि नाभी शोधायचा सराव करायला हरकत नाही. वेव्हगाइडची मापं मात्र तिच्यावरून ठरवू नका. काच बदलली की सगळे आकडे बदलतात.

३. धुणं आणि खूण

ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कोरडा नायट्रोजन. पुसताना कागद एकाच दिशेने ओढा. पुढे-मागे घासलं की धूळ परत तिथेच येते. वरच्या पृष्ठभागावर बोटाचा ठसा राहिला तर किरण तिथं विखुरतो आणि रेघ त्या जागी फिकी पडते.

धुतल्यावर लगेच एका कोपऱ्यावर खूण करा. हिरेकणीच्या लेखणीने ओढलेली छोटी तिरपी रेघ पुरते. काचेच्या चौकोनाला वरची-खालची बाजू नसते, आणि नमुना एकदा हातातून फिरला की कुठली रेघ कुठली हे कधीच कळत नाही.

४. पृष्ठभाग शोधणं आणि काच समतल करणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. घाई करून पुढे गेलेल्याला परत इथंच यावं लागतं.

ऊर्जा इतकी कमी करा की काचेवर काहीही उमटणार नाही. काचेच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, ऑब्जेक्टिव्हमधूनच मागे येतो आणि कॅमेऱ्यावर पडतो. ऑब्जेक्टिव्ह हळूहळू खाली आणा. पडद्यावर आधी पसरलेला, धुरकट डाग दिसेल, त्याच्याभोवती कडी. आणखी खाली आलं की कडी आत ओढल्या जातात, डाग आवळत जातो, क्षणभर टाचणीच्या टोकाएवढा तेजस्वी होतो आणि पुन्हा पसरू लागतो. तो सगळ्यात लहान दिसतो तिथं पृष्ठभाग आहे. त्या उंचीला शून्य म्हणा.

यात तीन ठिकाणी फसायला होतं.

पहिलं, खालचा पृष्ठभाग. त्याच्यावरूनही तेवढाच प्रकाश परततो, आणि ऑब्जेक्टिव्ह आधीच खाली असेल तर तुम्ही त्यालाच वरचा समजून बसाल. म्हणून दोन्ही शोधा. काचेत नाभी खोल सरकते, त्यामुळे १.१ मिलिमीटर जाडीच्या काचेत दोन परावर्तनांमध्ये ऑब्जेक्टिव्ह फक्त ०.७३ मिलिमीटर सरकतं, म्हणजे जाडी भागिले अपवर्तनांक. हा आकडा जुळला तर दोन्ही पृष्ठभाग खरे. तिसरंच काही दिसलं तर ते बहुधा ऑब्जेक्टिव्हच्या आतल्या भिंगाचं परावर्तन असतं. ते काच काढून घेतली तरी तिथंच राहतं.

दुसरं, खोलीचा हिशोब. वरच्याच कारणाने नाभी १७० मायक्रॉन खोल हवी असेल तर ऑब्जेक्टिव्ह साधारण ११३ मायक्रॉनच खाली न्यायचं. वहीत दोन्ही आकडे लिहा, ऑब्जेक्टिव्ह किती सरकलं आणि खरी खोली किती. आमच्याकडच्या जुन्या वह्यांत नुसतं ‘खोली १७०’ असं लिहिलेलं आहे आणि त्याचा अर्थ आता कोणालाच लावता येत नाही.

तिसरं, स्क्रूचा ढिलेपणा. पृष्ठभागाकडे नेहमी एकाच दिशेने या. पुढे गेलात तर पुरेसं वर जाऊन पुन्हा खाली या.

आता समतलता. नमुन्याच्या एका कोपऱ्यात पृष्ठभागाची उंची पाहा, मग लांबीच्या दुसऱ्या टोकाला, मग रुंदीच्या दुसऱ्या टोकाला. तीन बिंदू, तीन आकडे. फरक येईलच. खालच्या पाटाचे स्क्रू फिरवून तो कमी करा आणि तिन्ही बिंदू पुन्हा तपासा, कारण एक टोक सुधारताना दुसरं हलतं. २५ मिलिमीटरमध्ये २ मायक्रॉनच्या आत फरक आला की थांबा. पहिल्या दिवशी दोन तास लागतील. सवय झाल्यावर दहा मिनिटं.

माझे चार महिने याच पायरीवर गेले. काच कापताना निघालेला एक कण पाटावर राहिला होता, डोळ्यांना न दिसणारा. त्याच्यावर नमुना ठेवला की एक टोक वीस मायक्रॉन उचललं जायचं. एका टोकाला रेघ १७० मायक्रॉन खोल, दुसऱ्या टोकाला २००. मी एकाच बिंदूवर पृष्ठभाग शोधून कामाला लागायचे, त्यामुळे रेघ तिरपी जाते आहे हे कळायला मार्गच नव्हता. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी माझ्यासमोर नमुना उचलला, पाटावरून कोरडं बोट फिरवलं आणि बोटाच्या टोकावर चमकणारा तो कण मला दाखवला. तेव्हापासून नमुना ठेवण्याआधी मी पाट रोज पुसते, तो स्वच्छ दिसत असला तरी.

५. ऊर्जा मोजणं

लेसरच्या पडद्यावर दिसणारा आकडा तुमच्या कामाचा नाही. वाटेतले आरसे आणि ऑब्जेक्टिव्ह यांत बरीच शक्ती जाते, म्हणून मोजमाप ऑब्जेक्टिव्हनंतर करा. मापकाचा पृष्ठभाग नाभीपासून बराच खाली ठेवा, नाहीतर तो जळतो.

हिशोब सोपा आहे. सरासरी शक्ती भागिले सेकंदाला सुटणारे पल्स. ३०० मिलिवॉट आणि सेकंदाला १० लाख पल्स असतील तर प्रत्येक पल्स ३०० नॅनोजूलचा. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण तो पल्स ३०० फेम्टोसेकंदांत संपत असेल तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती होते १० लाख वॉट, आणि तीही दीडेक मायक्रॉन रुंदीच्या ठिपक्यात.

लेसर सुरू करून तासभर तरी तापू द्या. सकाळी आल्या आल्या मोजलेली ऊर्जा आणि अकरा वाजताची ऊर्जा एक नसते. काम सुरू करताना आणि संपवताना, दोन्ही वेळा मोजा. दोन आकड्यांत फरक पडला तर मधल्या रेघांवर किती विश्वास ठेवायचा ते समजतं.

६. रेघांचा तक्ता

एकच उत्तम ऊर्जा कोणी तुम्हाला सांगू शकणार नाही. शेजारच्या प्रयोगशाळेचे आकडेही जसेच्या तसे चालत नाहीत, कारण त्यांचं ऑब्जेक्टिव्ह, पल्सची लांबी आणि काचेची तुकडी वेगळी असते. म्हणून पहिल्या नमुन्यावर तक्ता लिहायचा.

एनए (किरणाचा शंकू किती रुंद ते सांगणारा आकडा) ०.४ किंवा ०.५ असलेल्या ऑब्जेक्टिव्हने ईगल एक्सजीसाठी ऊर्जा १५० ते ५०० नॅनोजूलमध्ये आठ पायऱ्यांत घ्या आणि वेग सेकंदाला ५, १०, २० आणि ४० मिलिमीटर. एकूण ३२ रेघा, दोन रेघांत १०० मायक्रॉन अंतर. सगळं मिळून साडेतीन मिलिमीटर रुंदीतही बसतं. वेग २० मिलिमीटर असेल तर दोन पल्समध्ये अंतर फक्त २० नॅनोमीटर पडतं, म्हणजे प्रत्येक बिंदूवर ७०-७५ पल्स पडून जातात.

लिहिताना पाळायच्या गोष्टी:

रेघ काचेच्या बाहेरून सुरू करा आणि पलीकडे बाहेर संपवा. स्टेजला वेग पकडायला थोडी धाव लागते. काचेच्या आत सुरुवात केली तर त्या टोकाला वेग कमी, पल्स जास्त आणि काच जळलेली.

सगळ्या रेघा एकाच दिशेने ओढा. पुढे जाताना एक आणि परत येताना दुसरी असं केलं तर वेळ वाचतो, पण पल्स किंचित तिरपा असला की दोन दिशांच्या रेघा वेगळ्या उमटतात. मग तक्त्यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

एकाहून जास्त खोलींवर लिहायचं असेल तर सगळ्यात खोल थर आधी. वरचा आधी लिहिला तर खालच्या थराकडे जाणारा किरण त्या रेघांतून जाताना विस्कटतो.

दर आठ रेघांनंतर एक जाड, जास्त ऊर्जेची खुणेची रेघ ओढा. सूक्ष्मदर्शकाखाली मोजताना तिचा आधार होतो.

लिहिताना कॅमेऱ्यावर नाभीच्या जागी निळसर पांढरा ठिपका दिसतो. तो स्थिर असावा. मधेच लुकलुकला तर त्या जागी वर धूळ आहे किंवा ऊर्जा जास्त झाली आहे. त्या रेघेचा क्रमांक वहीत तेव्हाच टिपा.

नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण जवळजवळ प्रत्येक नवा माणूस इथं चुकतो. काळ्या, ठसठशीत रेघा पाहून आनंद होतो. त्या काळ्या दिसतात कारण काच आत फुटली आहे आणि प्रकाश विखुरतो आहे. चांगला वेव्हगाइड साध्या प्रकाशात जेमतेम दिसतो. पाण्यात साखर विरघळताना जशी तरळ दिसते तेवढाच. तो पाहायला फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे अपवर्तनांकातला फरक उजळ-गडद करून दाखवणारी सूक्ष्मदर्शकाची पद्धत, लागते. मण्यांच्या माळेसारखी तुटक रेघ दिसली तर वेग आणि ऊर्जेचं गणित बिघडलेलं आहे. तीही सोडून द्या.

७. कडा घासणं

काचेच्या अगदी कडेला रेघ नीट उमटत नाही. ऑब्जेक्टिव्हमधून येणारा किरण शंकूच्या आकाराचा असतो, आणि कडेजवळ त्या शंकूचा काही भाग काचेबाहेर पडतो. १७० मायक्रॉन खोलीवर एनए ०.४ असेल तर शंकूची त्रिज्या पृष्ठभागावर पन्नासेक मायक्रॉन भरते. म्हणून दोन्ही टोकं किमान दीडशे मायक्रॉन घासून काढा. हे न करता प्रकाश घालायला बसलात तर चांगली रेघही मेलेली वाटेल.

घासायचा क्रम ३० मायक्रॉनच्या कागदापासून ९, ३, १ आणि शेवटी ०.३पर्यंत. प्रत्येक पायरीनंतर नमुना, धारक आणि हात, तिन्ही धुवा. जाड कागदाचा एक कण बारीक कागदावर आला तर त्याचा ओरखडा सगळी मेहनत खातो. टोक आरशासारखं झालं असं डोळ्यांना वाटलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली, नेमकं रेघेच्या उंचीवर, पाहून घ्या. वरच्या कडेचे टवके बहुतेक तिथपर्यंत पोचलेले असतात.

ज्यांना नमुना तापवायची सोय आहे त्यांनी ती घासण्याआधी वापरावी. ईगल एक्सजी सुमारे ७५० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन अगदी सावकाश निववली की रेघेभोवतीचा ताण निघून जातो आणि मधला प्रकाश वाहणारा गाभा तेवढा उरतो. पहिल्याच नमुन्याला हे करू नका. आधी आणि नंतरची तुलना हवी असेल तर दोन सारखे नमुने लिहा.

८. प्रकाश घालणं आणि मोजणं

एका टोकाला फायबर, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. सुरुवात फायबर-संपर्कात वापरतात त्या अदृश्य १५५० नॅनोमीटरने न करता, दिसणाऱ्या लाल प्रकाशाने करा. जुळवणी डोळ्यांसमोर होते. फायबरचं टोक काचेजवळ आणा, मध्ये अपवर्तनांक जुळवणारं तेल एक थेंब घाला आणि फायबर आडवा-उभा मायक्रॉन-मायक्रॉन हलवा.

पडद्यावर आधी नुसता लाल उजेड पसरलेला दिसेल. मग त्या उजेडात एक ठिपका उठून येईल, आणि फायबर जसा जागेवर बसेल तसा भोवतालचा उजेड ओसरेल आणि ठिपका एकटा उरेल. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खोलीतले दिवे न लावता बराच वेळ बसून राहिले होते.

पण तो खरंच वेव्हगाइडचा आहे का, ते तपासा. फायबर एक-दोन मायक्रॉन बाजूला सरकवा. ठिपका जागेवरच राहून मंद झाला तर प्रकाश रेघेतून येतो आहे. ठिपका फायबरबरोबर सरकला तर तो काचेतून मोकळा आलेला प्रकाश आहे, रेघेचा त्यात काही वाटा नाही.

मग १५५० नॅनोमीटरवर मोजमाप. फायबरमधून १ मिलिवॉट आत आणि ०.६ बाहेर आला तर एकूण तोटा २.२ डेसिबल. यात तीन वाटेकरी असतात: टोकांवरचं परावर्तन, फायबर आणि रेघेतल्या प्रकाशाच्या आकारांतला फरक, आणि रेघेतला प्रत्यक्ष तोटा. तेल वापरलं की पहिला जवळजवळ जातो. दुसऱ्यासाठी कॅमेऱ्यावर ठिपक्याचा आकार मोजा आणि फायबरशी तुलना करा. नेहमीच्या एकपदरी (सिंगल-मोड) फायबरमध्ये १५५०ला तो व्यास सुमारे १०.४ मायक्रॉन असतो. तिसरा वेगळा काढायचा तर त्याच रेघा वेगवेगळ्या लांबीच्या नमुन्यांत लिहून तोटा लांबीसमोर मांडा. सेंटिमीटरला अर्ध्या डेसिबलच्या आत आलात तर पुढे जायला तयार आहात.

९. वळण, मग कपलर

सरळ रेघेची ऊर्जा आणि वेग ठरला, की त्याच आकड्यांनी वळणं लिहा. अपवर्तनांकातला फरक लहान असल्यामुळे प्रकाश वळणावर लगेच बाहेर सांडतो. वेगवेगळ्या त्रिज्यांची वळणं लिहून तोटा कुठं वाढू लागतो ते पाहा. ६० मिलिमीटरपासून सुरुवात करून खाली या.

कपलरमध्ये दोन रेघा दुरून येतात, काही अंतर ८-१० मायक्रॉनवर शेजारी चालतात आणि पुन्हा दूर जातात. शेजारी चालताना प्रकाश एकीतून दुसरीत झिरपतो. सुरुवातीचं अंतर १२७ किंवा २५० मायक्रॉनच ठेवा. फायबरच्या तयार जुड्या याच अंतराच्या मिळतात, आणि १०० मायक्रॉनचा गोल आकडा निवडलात तर पुढे फायबर चिकटवताना अडाल. १२७वरून १०वर यायला, त्रिज्या ६० मिलिमीटर ठेवली तर, प्रत्येक बाजूला जवळजवळ पावणेचार मिलिमीटर लांबी लागते. नमुना केवढा घ्यायचा ते यावरून ठरवा.

एकच कपलर लिहू नका. शेजारी चालण्याची लांबी शून्यापासून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढवत दहा लिहा आणि दुसऱ्या रेघेत किती प्रकाश गेला ते लांबीसमोर मांडा. बिंदू साइनच्या वर्गाच्या वक्रावर बसले पाहिजेत. लांबी शून्य असतानाही थोडा प्रकाश पलीकडे गेलेला दिसेल. तो वळणांतच झिरपलेला असतो, चूक नाही. बिंदू वक्राभोवती विखुरले असतील तर स्टेजची अचूकता तपासा, आणि वळणावर वेग कायम राहतो आहे ना तेही. काही प्रणाली वळण घेताना आपोआप वेग कमी करतात आणि तिथं ऊर्जा जास्त पडते.

१०. काच कोरायची असेल तर

सूक्ष्म भिंगं, फायबर बसवायच्या खाचा, द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, यांसाठी काच काढून टाकावी लागते. इथं फ्यूज्ड सिलिका आणि ते पापुद्रे कामी येतात. लेसरने आकाराची सीमा लिहायची आणि नमुना रसायनात बुडवायचा. लिहिलेला भाग न लिहिलेल्या भागापेक्षा कितीतरी पट वेगाने विरघळतो. किरणाचं ध्रुवीकरण (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) लिहिण्याच्या दिशेला काटकोनात ठेवा. तेव्हा पापुद्रे रेघेच्या दिशेने उभे राहतात आणि रसायन आत शिरत जातं. ध्रुवीकरण समांतर ठेवलं तर दिवसभर बुडवूनही खाच अर्धीच होते.

रसायनं दोन. नवीन असाल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच वापरा, साधारण ८ ते १० मोलर, ८०-९० अंशांवर. काम सावकाश होतं, पण कडा नेमक्या येतात. ते काचेच्या चंचुपात्रात तापवू नका, ते पात्रालाही खातं. टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं भांडं घ्या. कोरलेला पृष्ठभाग खरखरीत असतो. भिंग करायचं असेल तर कार्बन डायऑक्साइड लेसरने वरचा थर किंचित वितळवून तो गुळगुळीत करावा लागतो.

दुसरं हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते वेगाने काम करतं, आणि मी नवीन माणसाला एकट्याने त्याला हात लावू देत नाही. सौम्य आम्ल कातडीवर पडलं तर कित्येक तास आगही होत नाही, तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. लहानसा डागही जिवावर बेतू शकतो. प्रशिक्षण घेतलेला माणूस शेजारी असल्याशिवाय, योग्य हातमोजे, ॲप्रन आणि चेहऱ्यावरची ढाल असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. थेंब उडाल्याचा नुसता संशय आला तरी कपडे काढून ती जागा भरपूर पाण्याखाली धरा, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळा आणि दुखत नसलं तरी ताबडतोब रुग्णालय गाठा. जेलची नळी हाताच्या अंतरावर हवी. तिची मुदत संपली आहे का, ते बाटलीला हात लावण्याआधी वाचून घ्या.